जागलीच्या माळ्यावर रायफल कोणासाठी?

पीक वाचवण्यासाठी शेतकऱ्याच्या हाती बंदूक द्यावी ही विदर्भातील मागणी जुनीच आहे. तिला कधी कधी एक पुरवणी जोडली जाते आणि प्रस्तुत लेखाचा आक्षेप त्या पुरवणीवर आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात बाप आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी हरणाच्या शिकारीची पहिली रायफल जशी पारखून घेतो, तशी मोकळीक झरी जामणीसारख्या जंगलालगतच्या तालुक्यातील शेतकऱ्यालाही असावी, म्हणजे पीक वाचेल, पोर धीट होईल, हत्यार हाताळण्याची शिस्त त्याच्या अंगी बाणेल आणि शिकारीची परंपराही टिकेल, असे या पुरवणीचे म्हणणे असते. ऐकायला ते रोखठोक आणि शेतकऱ्याच्या कळवळ्याचे वाटते. त्याचे खंडन प्राणिप्रेमाच्या आधारे करण्याची गरज नाही, आणि तसे करणे अप्रामाणिकपणाचेही ठरेल, कारण ज्याचे वावर एका रात्रीत डुकरांनी उकरून टाकले आहे त्याला भूतदयेचे धडे देण्याचा अधिकार शहरात भाजी विकत घेणाऱ्या कोणालाही पोहोचत नाही. खंडन करायचे ते या कारणासाठी, की शेतकऱ्याची बाजू घेतल्याचा आव आणून हा युक्तिवाद राज्याच्या अंगावरची जबाबदारी सरकवत सरकवत घरातल्या सर्वांत लहान खांद्यावर नेऊन ठेवतो.

तक्रार खरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका; पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख, पश्चिमेला टिपेश्वर अभयारण्य ज्या तालुक्यात येते तो केळापूर, आणि मुकुटबन, पाटण, शिबला, माथार्जुन या गावांच्या आसपास शेत कुठे संपते आणि रान कुठे सुरू होते हे नवख्याला सांगता येऊ नये अशी जमीन. येथे गोंडांबरोबर कोलामांची वस्ती मोठी आहे; महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना केंद्र सरकार विशेष असुरक्षित आदिवासी गट मानते, त्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांपैकी ही एक. कापूस, तूर आणि सोयाबीन ही मुख्य पिके, आणि प्रत्येक पिकाचा वैरी वेगळ्या वेळी येतो: टोबलेली सरकी रानडुक्कर ओळीने उकरून खाते, सोयाबीन आणि तुरीचे कोवळे शेंडे चितळांचा कळप खुडून जातो, आणि रोही, म्हणजे नीलगाय, खाते त्यापेक्षा तुडवते जास्त. त्यामुळे पेरणीपासून वेचणीपर्यंत जागल चुकत नाही. चार बल्ल्या रोवून वर फळ्या किंवा तुराट्या अंथरलेला माळा, खाली शेकोटी, हाताशी बॅटरी आणि बडवायला पत्र्याचा डबा, एवढ्या सामग्रीवर माणूस रात्र काढतो. अर्धवट झोपेत एका बांधावर डबा वाजवावा तोवर कळप दुसऱ्या बांधाने आत शिरलेला असतो. सकाळी तोच माणूस पुन्हा कामाला लागतो. ही स्थिती ज्याला ठाऊक आहे त्याला बंदुकीची मागणी वेडगळ वाटणार नाही.

आता ज्या अमेरिकी प्रथेचा दाखला दिला जातो तिच्याकडे पाहू, कारण दाखला देणारे बहुधा तिचा अर्धाच भाग सांगतात. मुलासाठी पहिली रायफल निवडण्यामागे तेथे खरोखरच बराच विचार असतो. रायफल म्हणजे जिच्या नळीच्या आतल्या अंगाला पिळाचे आटे पाडलेले असतात आणि त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत दूरवर नेमकी जाते अशी बंदूक. साध्या, गुळगुळीत नळीच्या छर्ऱ्याच्या बंदुकीहून ती गुणाने आणि धोक्यानेही वेगळी. गोळी सुटताना दस्ता खांद्यावर जो उलटा धक्का देतो तो मुलाला सोसेल इतपतच असावा, नाहीतर ते चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला शिकते; म्हणून १९५५ साली बाजारात आलेले .२४३ विंचेस्टर हे काडतूस, ज्याच्या गोळीचा व्यास सुमारे सव्वासहा मिलिमीटर असतो, तेथे वर्षानुवर्षे नवशिक्यांसाठी सुचवले जाते. दस्त्याची लांबी मुलाच्या हाताच्या मापाची हवी, वजन पेलेल असे हवे, आणि गोळी इतकीही हलकी नको की हरीण जखमी होऊन रानात तडफडत राहील. या निवडीत काळजी आहे, आणि प्राण्याबद्दलची एक प्रकारची जबाबदारीही आहे. तिची टवाळी करण्याचे कारण नाही.

परंतु ही रायफल एकटी उभी नाही. तिच्यामागे १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आहे, ज्याने रायफली आणि काडतुसे यांवरचा ११ टक्के उत्पादन कर वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवला. तिच्यामागे शिकाऱ्यांसाठीचे सक्तीचे प्रशिक्षण आहे, ज्याची सुरुवात न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये तरुण शिकाऱ्यांपासून केली. ठरावीक हंगाम आहे, कोणी किती आणि कोणत्या लिंगाची हरणे मारावीत हे सांगणारी परवान्याची चिठ्ठी आहे, आणि सोबत प्रौढ माणूस असण्याची अट आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळेचे बंधन आहे: हरणाची शिकार साधारणपणे सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच करता येते, आणि अंधारात, विजेचा झोत टाकून हरीण मारणे हा तेथे चोरटी शिकार करणाऱ्याचा धंदा समजला जातो. झरी जामणीतील पिकाचे नुकसान मात्र रात्री होते. ज्या घटकेला येथील शेतकऱ्याला बंदूक हवी आहे, नेमकी त्याच घटकेला अमेरिकी शिकारी परंपरा आपल्या मुलांच्या हातची रायफल खाली ठेवायला लावते. तेव्हा त्या परंपरेचा आधार घेऊन माळ्यावरच्या पोराला रायफल देऊ पाहणारा माणूस तिचे नाव घेतो आणि तिचा पहिला नियम मोडतो.

दिवसाचे म्हणाल तर अडचण कमी होत नाही. हरणाचा अमेरिकी हंगाम मुख्यतः शरद ऋतूत, नोव्हेंबरच्या आसपास असतो, आणि योगायोगाने त्याच महिन्यात झरी जामणीची पांढरी शेते बायांनी भरलेली असतात. कमरेला ओटी बांधून कापूस वेचणारी बाई छातीइतक्या उंचीच्या पऱ्हाटीत वाकलेली असते, तेव्हा पन्नास पावलांवरून तिचा पदरही दिसत नाही. धुऱ्यावर गुराखी असतो, पांदणीने शाळेची पोरे येत असतात. साध्या .२२ च्या रायफलीची गोळी दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि हरणाच्या शिकारीच्या रायफलीची गोळी त्याहून पुष्कळ पुढे, म्हणून शिकारीचा पहिला पाठ असा असतो की लक्ष्याच्या मागे गोळी अडवणारा मातीचा उंचवटा असल्याशिवाय चाप ओढू नये. बहुतांश सपाट शिवारात असा उंचवटा असतो कुठे? चुकलेली गोळी धुऱ्याला थांबत नाही, ती पुढच्या माणसाच्या वावरात जाते. शिवाय या भागातील पिकाचा खरा वैरी हरीण नसून डुक्कर आहे, आणि जखमी डुक्कर पळून जाण्याऐवजी अंगावर येते, हे जागलीला गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मुलाच्या खांद्याला सोसेल अशी रायफल आणि डुकराला जागीच पाडील अशी रायफल या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. म्हणून या तालुक्यात ‘पहिली रायफल कोणती’ या प्रश्नाला समाधानकारक उत्तर बंदुकांच्या दुकानातसुद्धा सापडायचे नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगणे पुरे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने अग्निशस्त्र बाळगण्याचे किमान वय १६ ठेवले होते, ते १९८३ च्या दुरुस्तीने २१ झाले; पीकसंरक्षणासाठी परवाना मिळू शकतो, पण तो मूलतः ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या जुन्या धर्तीच्या बंदुकीचा, आणि ती अपुरी पडते अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी घातली आणि शिकारीच्या व्याख्येत सापळा लावणे, हाकारणे आणि तसा प्रयत्न करणे हेही घेतले. मात्र त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या चितळ, नीलगाय, रानडुक्कर अशा प्राण्यांना मारण्याची लेखी, कारणांसह परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. वाट बंद आहे असे म्हणता येत नाही. ती अरुंद आहे आणि कागदांनी भरलेली आहे. छर्ऱ्याची हवाई बंदूक, जिच्या नळीतून निघणाऱ्या छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नसते, ती परवान्याविना मिळते म्हणून कोणी पोराच्या हाती देतो. तिने डुक्कर मरत नाही, मरतात ते होले आणि तितर, आणि गुन्हा मात्र तोच होतो.

यावर ‘मग कायदा बदला’ असे उत्तर येते, आणि येथे प्रतिपक्षाचे सर्वांत भक्कम रूप समोर घेणे न्याय्य ठरेल. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी वन्यजीव कायद्यावर कठोर टीका केली आणि स्कँडिनेव्हियातील देशांचे उदाहरण देत नियंत्रित शिकारीला मुभा असावी, निर्णयाचा अधिकार स्थानिक समाजाकडे असावा, असे मांडले. या मांडणीत वजन आहे. जंगलालगतच्या माणसाने सारा तोटा सोसायचा आणि वाघ पाहण्याचा आनंद दुसऱ्याने घ्यायचा, ही व्यवस्था अन्यायाची आहे, हे तिच्यामुळे स्पष्टपणे चर्चेत आले. पण गाडगिळांचा मुद्दा ग्रामसभेच्या सामूहिक अधिकाराचा आहे. एकेका घराने आपापल्या पोराला हत्यारबंद करावे असे त्यातून निघत नाही, आणि ज्या स्वीडनचा दाखला दिला जातो तेथे शिकारीसाठी परीक्षा द्यावी लागते, ठरावीक क्षेत्रात ठरावीक संख्येनेच मूस जातीची मोठी हरणे मारता येतात. सामूहिक अधिकाराची मागणी आणि वैयक्तिक हत्याराची मागणी एकाच दमात करणारा माणूस पहिलीचे नैतिक बळ दुसरीला उसने देत असतो.

अधिकार दिला तर त्याचा वापर कसा होतो, याचा अनुभव याच जिल्ह्याने घेतला आहे. तेरा माणसांच्या मृत्यूंसाठी जबाबदार धरलेली टी-१ ही वाघीण, जी अवनी या नावाने देशभर ओळखली गेली, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या परिसरात मारली गेली. तिला मारण्याचे काम वन विभागाने हैदराबादचे शिकारी शफतअली खान यांच्यावर सोपवले होते. गोळी झाडली ती त्यांचे पुत्र असगरअली यांनी. पुत्र प्रौढ होते, अनुभवीही होते. तरीही राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने कार्यपद्धतीच्या भंगावर बोट ठेवले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाच्या नजरेखालील आणि साऱ्या देशाचे लक्ष लागलेल्या मोहिमेत बापाचे अधिकारपत्र आणि मुलाची बंदूक यांची सरमिसळ झाली, तर कोणाचेही लक्ष नसलेल्या एखाद्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, बापाच्या परवान्याची बंदूक चौदा वर्षांच्या पोराच्या हाती जाणार नाही याची हमी कोण देणार? बिहारमध्ये, जेथे केंद्राने नीलगायीला काही काळासाठी उपद्रवी प्राणी घोषित केले होते, जून २०१६ मध्ये मोकाम्याच्या परिसरात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. देशभर वाद पेटला, दोन केंद्रीय मंत्री जाहीरपणे एकमेकांसमोर उभे राहिले, आणि पिकांचा प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला.

खुद्द झरी जामणीतील घटनाही विसरण्यासारखी नाही. एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात एका गर्भवती वाघिणीला गुहेसारख्या जागेत कोंडून, आग लावून मारण्यात आले आणि तिचे पंजे तोडून नेलेले आढळले. या कृत्याला बंदूक लागली नव्हती. यावरून काही जण म्हणतील, की मग बंदुकीनेच काय बिघडणार. उत्तर असे की ज्या जंगलात इतके घडेपर्यंत यंत्रणेला वास लागत नाही, तेथे पाचशे नव्या नळ्यांवर देखरेख ठेवण्याची ताकद तिच्यात आहे असे मानायला काहीच आधार नाही. आणि वाघाचा प्रश्न येथे अटळ आहे. चितळ आणि रानडुक्कर हे टिपेश्वर आणि पांढरकवड्याच्या जंगलातील वाघांचे मुख्य खाद्य. ते विरळ झाले की वाघ गोठ्याकडे वळतो, आणि पऱ्हाटी वाचवलेला शेतकरी बैलजोडी गमावतो.

परंपरेचा मुद्दा उरतो. जिम कॉर्बेट यांना लहानपणी फुटक्या नळीची ठासणीची दुनळी मिळाली होती आणि तिनेच ते रान शिकले, ही गोष्ट शिकारीचे समर्थक आवडीने सांगतात. पण कॉर्बेट राज्यकर्त्या जमातीत जन्मले होते, ज्यांची शेते तुडवली जात होती त्या कुमाऊँच्या कुळांच्या पोरांना कोणी बंदुका वाटल्या नव्हत्या. आदिवासींमध्ये शिकार होती, यात शंका नाही. ती जाळ्याची, तीरकमठ्याची, सामूहिक हाक्याची होती, तिला सण होते, वाटणी होती आणि विधिनिषेधही होते. फॅक्टरीत तयार झालेली दूरवेधी रायफल त्या परंपरेची वारस नाही. मराठी मुलखातील शेतकऱ्याने पिकाच्या राखणीसाठी पोराच्या हाती खरोखर दिलेले हत्यार म्हणजे गोफण, जिचा दगड ज्वारीवरची पाखरे उठवतो आणि फार तर एखाद्याचे टाळके फोडतो. आणि जेथे मुलांच्या हाती बंदूक ही खरोखरच रीत होती त्या अरुणाचल प्रदेशात लोक उलट वाटेने निघाले: मार्च २०२१ मध्ये तेथे हवाई बंदुका स्वेच्छेने सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि दोन हजारांहून अधिक बंदुका गावकऱ्यांनी आणून दिल्या.

शिस्तीचे म्हणावे तर तिच्यासाठी हरीण लागत नाही. कायद्याने बारा वर्षांपुढील मुलाला प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली नेमबाजी शिकता येते, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे येऊन २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदकापर्यंत पोहोचले. झरी जामणीच्या आश्रमशाळेतील पोराला ती वाट खुली करून देण्याची मागणी कोणी करीत असेल तर तिला पाठिंबा द्यावा. तिची गल्लत मात्र पिकाच्या राखणीशी करू नये.

मांसाचा हिशेबही येथे जुळत नाही. अमेरिकी कुटुंबाने मारलेले हरीण त्याच्या घरच्या शीतपेटीत जाते, आणि हाच त्या साऱ्या खटाटोपाचा व्यावहारिक शेवट असतो. भारतात कलम ३९ प्रमाणे मारलेला वन्यप्राणी, उपद्रवी घोषित केलेल्यांचा अपवाद सोडला तर, सरकारची मालमत्ता ठरतो. परवानगीने पाडलेल्या डुकराचाही पंचनामा होतो आणि विल्हेवाट लावण्याचा अधिकार वन खात्याचा राहतो. काडतूस शेतकऱ्याचे, जागरण शेतकऱ्याचे, जोखीम त्याच्या पोराची, आणि प्राणी सरकारचा.

प्राणी सरकारचा असेल तर त्याने खाल्लेले पीकही सरकारच्या खात्यावर मांडले पाहिजे, ही खरी मागणी, आणि बंदुकीच्या गोंगाटात ती मागे पडते. आज नुकसानीच्या भरपाईसाठी वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांनी एकत्र येऊन पंचनामा करायचा असतो. तिघांना एका वावरात एका दिवशी आणणे हेच अर्ध्या पिकाइतके महाग पडते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान पीक विम्याच्या कक्षेत आणण्याचे जाहीर केले, त्यात ७२ तासांत मोबाइलवरून छायाचित्रासह सूचना देण्याची अट आहे. ज्या पोडावर मोबाइलला रेंज मिळत नाही तेथील कोलामासाठी हे ७२ तास वेगळ्या पद्धतीने मोजावे लागतील. कुंपणाचेही तसेच. सौर ऊर्जेवरील झटका मशीन प्राण्याला धक्का देऊन परतवते, मारत नाही. ते परवडत नाही म्हणून कोणी थेट तारेतून वीज सोडतो आणि मग डुकराऐवजी वाघ, शेजारी किंवा स्वतःचाच पोरगा त्या तारेला चिकटतो. आणि एकट्याने घातलेले कुंपण कळपाला फक्त पुढच्या वावराकडे ढकलते, म्हणून अनुदान शेतकरीवार न देता शिवारवार द्यावे लागेल, आणि त्या शिवाराच्या नकाशात जंगलाला अगदी लागून असलेले, २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेले पट्टे पहिल्या रेषेत धरावे लागतील, कारण कळप सर्वांत आधी उतरतो तो तिथेच.